एका नंबराची गल्ली

२ नोव्हेंबर, सोमवार

ताई,

नमस्कार आधी, ओरडा नंतर. भावोजींना ताप येऊन इतके दिवस झाले आणि तू मला आत्ता कळवतेस? तेही पत्राच्या तळाशी, शाळेचे गणवेश वेळेत शिवून दिल्याची सगळी बढाई मारून झाल्यावर! गाडीवाले काका तुमच्याकडच्या रक्ताच्या नमुन्यांच्या पेट्या उतरवत होते. पाकीट हातात देताना म्हणाले, "ताईंचा चेहरा उतरलाय." मी पाकीट तिथेच फोडलं.

तुला खरं तर एकच विचारायचं आहे, ते मला कळलं. भिंगरी बाळाला घेऊन बापाला बघायला यायचं म्हणते, तिला येऊ द्यावं की नाही? तर येऊ दे. जावई जहाजावर, ही घरात एकटी बाळाशी गप्पा मारत बसलेली. तिलाही बरं वाटेल. बाळाला काही होणार नाही. हे मी बहीण म्हणून धीर द्यायला लिहीत नाहीये, आमच्या ताप-संशोधन केंद्रांच्या नेटवर्कने छापलंय ते सांगते आहे.

आमचा शोधनिबंध गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झाला. सगळ्या केंद्रांतून या धापेच्या तापाचे जेवढे रुग्ण आले तेवढे आम्ही तपासले. बहुतेकांचा संबंध धान्याच्या गोदामांशी निघाला. उंदरांच्या घाणीची धूळ नाकात जाते, तिथून हा ताप येतो. आणि मुख्य गोष्ट म्हणजे आजारी माणसाच्या घरात दुसरा रुग्ण कुठेच सापडला नाही. माणसाकडून माणसाला होत नाही हा ताप. भावोजी पाण्याचे मीटर वाचायला गोदामांमागच्या खड्ड्यांत उतरतात, तिथेच त्यांना तो लागला असणार.

"खोलीत बसून तुम्हाला कसं गं कळतं?" असं तू विचारणारच. माझ्याकडे सगळ्या नोंदी येतात. त्यांत नावं नसतात, कुणाचा आजार चव्हाट्यावर येऊ नये म्हणून. पण एकाच माणसाची नोंद दवाखाना पाठवतो, प्रयोगशाळा पाठवते, कधी केंद्र पुन्हा एकदा पाठवतं. मग एका माणसाचे तीन होतात. म्हणून आम्ही नियम केलाय की फोन नंबर सारखा दिसला की एक नोंद ठेवायची आणि बाकीच्या काढून टाकायच्या. ही साफसफाई माझी. कंटाळवाणं काम आहे, पण त्यामुळे निबंधावर माझं नाव आलंय. शेवटून तिसरं. हसू नकोस.

भावोजींना पाणी पाजत राहा. धाप वाढली तर दवाखान्यात न्यायला क्षणाचाही उशीर करू नकोस. मला भीती वाटते आहे, पण ती त्यांच्यापुरतीच.

तुझी,
छोटी

६ नोव्हेंबर, शुक्रवार

छोटे,

शेवटून तिसरं नाव! ह्यांना वाचून दाखवलं. एवढ्या तापात डोळे न उघडता म्हणाले, "वर्गातही तिचा नंबर तिथेच असायचा." म्हणजे माणूस अजून शाबूत आहे म्हणायचा.

तुझं पत्र वाचलं आणि जीव भांड्यात पडला. त्याच दुपारी भिंगरीला कळवलं, ये म्हणून. बुधवारी येते आहे. वरची खोली झाडून घेतली. बाळाला ह्यांच्याच खोलीत निजवीन म्हणते. नातू डोळ्यांसमोर असला की दोन घास जास्त जातील. मीसुद्धा आता ह्यांच्याजवळच पथारी टाकते. आधी मेली धास्ती वाटायची आणि मग धास्ती वाटली म्हणून लाज वाटायची. तुझ्या निबंधानं ती कटकट संपवली.

गल्लीत मात्र हा ताप घराघरांत शिरलाय. समोरचा इस्त्रीवाला पडला, त्याच्यामागोमाग त्याची बायको. आता त्याचे म्हातारे वडीलही धापा टाकताहेत. कोपऱ्यावरच्या शिक्षिका बाईंकडे दोघं आहेत. आरोग्य खात्याचा माणूस कागद घेऊन दारोदार येऊन गेला. त्याची गंमतच झाली. तो जिथे जाईल तिथे विचारणार, "फोन नंबर?" आणि जो तो इस्त्रीवाल्याचाच नंबर सांगणार. गल्लीत वाजणारा फोन तेवढा एकच ना. शेवटी तो वैतागून म्हणाला, "तुम्ही सगळे त्या एका दुकानात राहता की काय?" मी म्हटलं, "बाबा रे, बाहेरचा कुणी मेला तरी त्या दुकानातच कळतं आम्हाला." तो काही हसला नाही. तरुण माणसांना हल्ली हसायला येत नाही.

एक विचारायचं होतं. इस्त्रीवाल्याचे वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना कूस बदलायची तर मुलगा बदलून देतो. ते गोदामात कसे गेले असतील? तुझ्या ऑफिसातल्या प्रमुख बाईंना विचारून सांग. मला आपलं उगाच मनात आलं.

ताई

९ नोव्हेंबर, सोमवार

ताई,

भिंगरीला घरात घेऊ नकोस. बाकीचं पत्र नंतर वाच. आधी तिला कळव की येऊ नको, आणि ती वाटेला लागली असेल तर स्टँडवरच थांबव. बाळाला भावोजींच्या खोलीच्या आसपासही येऊ देऊ नकोस.

शुक्रवारी तुझं पत्र आल्यापासून मी इस्त्रीवाल्याच्या नंबरावर फोन लावते आहे. वाजतो आणि वाजतच राहतो, कुणी उचलत नाही. आता कळतंय की उचलणारे सगळे अंथरुणात आहेत. भिंगरीच्या घरी तर फोनच नाही. उद्या सकाळी काकांच्या गाडीनं हे पत्र पाठवते. बुधवारच्या आत तुला मिळेल, एवढ्या एका आशेवर बसले आहे.

तुझं ते म्हाताऱ्या माणसाबद्दलचं वाक्य मी चारदा वाचलं. तुमच्या केंद्राच्या मूळ नोंदी काढल्या, साफ करण्याआधीच्या. इस्त्रीवाल्याच्या नंबरावर नोंदींची रांग लागली होती. वेगवेगळी वयं, बायका, पुरुष. माझ्या नियमानं त्यांतली पहिली ठेवली होती आणि बाकीच्या दुबार म्हणून पुसल्या होत्या. तुमची अख्खी गल्ली माझ्या हिशोबात एक माणूस आहे, ताई.

गल्लीचं जाऊ दे, साध्या घराचं बघ. एका घरात फोन एकच. नवरा, बायको, मूल, तिघांचा नंबर एकच. एकाच घरातला दुसरा रुग्ण दिसला की माझा नियम त्याला पुसत होता. आणि मग आम्ही मान ताठ करून लिहिलं, की घरात दुसरा रुग्ण सापडत नाही! सापडणार कसा?

आमच्या प्रमुख बाई आधी म्हणाल्या, "एका गल्लीवरून सगळा निबंध मोडीत काढू नकोस, खात्री कर." मी बाकीच्या केंद्रांना फोन केले. दुसऱ्या केंद्राचा माणूस बोलता बोलता मध्येच स्वतःच्या नोंदी चाळायला लागला. त्याच्या लक्षात आलं होतं. तिसऱ्या केंद्रात गेल्या आठवड्यापासून नातेवाइकांना रुग्णाजवळ बसू देतात, आमचा निबंध वाचून. हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळं पुन्हा मोज. आजच."

म्हणून मी तिकडे येऊ शकत नाहीये. प्रत्येक केंद्रात कुणीतरी माझ्या भरवशावर कुणाच्या तरी उशाशी बसलंय. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेव. तोंडाला कापड बांधल्याशिवाय भावोजींजवळ जाऊ नकोस. वेगळी झोप. मी तुला याच्या नेमकं उलट सांगितलं होतं, ठाऊक आहे मला.

छोटी

१० नोव्हेंबर, मंगळवार

छोटे,

गाडी यायची वेळ झाली, म्हणून घाईत चार ओळी. आमची भिंगरी नावाची भिंगरी! बुधवारी येते म्हणाली आणि रविवारीच दारात उभी, एका हातात बाळ, दुसऱ्या हातात बोचकं, आणि तोंडाचा पट्टा उंबऱ्याबाहेरूनच सुरू.

ह्यांच्या छातीवर बाळाला ठेवलं. त्यानं ह्यांचं नाकच धरलं. इतक्या दिवसांनी हसले गं हे. हसता हसता खोकला आला, बाळ दचकलं आणि परत नाक धरायला गेलं. मी दारात उभी राहून बघत होते. मनात म्हटलं, धाकटीचे उपकार कसे फेडायचे.

काका औषधाच्या दुकानात गाडी थांबवतात हल्ली, गल्लीत शिरत नाहीत. पत्र तिथे नेऊन देते, तुझं आलं असेल तर तिथूनच घेऊन येते.

ताई

११ नोव्हेंबर, बुधवार

ताई,

काल संध्याकाळी तुझं पत्र मिळालं. शुक्रवारच्या गाडीची वाट बघण्याचा धीर नाही, म्हणून साध्या टपालानं टाकते आहे.

तू माझं वाचलंस का? औषधवाल्यानं तुला दिलं का ते? भिंगरी रविवारपासून तिथे आहे, आणि मी इथे बुधवारच्या आशेवर बसले होते. ते नाक धरण्याचं मी परत परत वाचते आहे. मला ओरडावंसं वाटतंय आणि शेजारच्या टेबलावर लोक काम करताहेत.

पुन्हा मोजून झालं. साधारण दर तीन घरांतल्या एका घरात दुसरा माणूस पडलाय. लागण झाल्यावर ताप यायला दहा-बारा दिवसही लागू शकतात, तोवर माणूस ठणठणीत दिसतो. बाळ हसत-खेळत असलं तरी त्याचा काही उपयोग नाही, समजलं? बाईंनी काल सगळ्या केंद्रांना स्वतः फोन केले. दुरुस्तीचं पत्रक आज निघतंय. वरिष्ठांपैकी एकानं सुचवलं की चूक न म्हणता "नव्या माहितीच्या आधारे सुधारणा" म्हणू या. बाई म्हणाल्या, "चूक म्हणा. सुधारणा म्हटलं की लोक पुढच्या महिन्यात वाचतात."

भिंगरीला आणि बाळाला त्या घरातून बाहेर काढ. कसंही कर. एका शब्दानं कळव.

छोटी

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

छोटे,

काढलं. ती एव्हाना तुझ्या दारात पोचली असेल. माझ्यावर चिडली की ती लहानपणापासून तुझ्याकडेच येते, म्हणून मी निर्धास्त होते.

मंगळवारी माझं पत्र काकांच्या हातात दिलं आणि तुझं घेतलं. औषधाच्या दुकानात उभ्या उभ्याच वाचलं. औषधवाला म्हणाला, "बसता का ताई?" मी म्हटलं, नको. घरी येताना वाटेत मला तुझा राग आला. खोटं कशाला बोलू? तू समोर असतीस तर काय केलं असतं सांगता येत नाही. दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी कडाकडा भांडले. आता भांडायला सवड नाही.

घरी आले तर भिंगरी ह्यांच्या पायांना तेल चोळत होती, बाळ पलंगावर. मला कळून चुकलं, की हिला खरं सांगितलं तर ही जाणार नाही. बाळाला कुणाकडे तरी ठेवील आणि स्वतः इथे ठाण मांडून बसेल. "तुम्हाला दोघांना असं टाकून जाऊ?" म्हणेल. ओळखतेस ना तिला. आणि अंगावर पिणारं बाळ आईवेगळं किती काळ राहणार? एक दिवस, मग दोघं परत इथेच.

म्हणून मी कारण काढून भांडले. म्हटलं, "तुझं पोर दिवसभर किरकिरतं. ह्यांना झोप नाही, मला काम सुधरत नाही. कुणी सांगितलं होतं यायला?"

ती म्हणाली, "आई, तू लिहिलंस ये म्हणून."

"लिहायची रीत म्हणून लिहिलं. लोक तेवढं समजतात."

तिचा चेहरा असा झाला की मी लगेच पाठ फिरवली. पण तोंड थांबवलं नाही. जावयाचं काढलं, तिच्या घरातल्या पसाऱ्याचं काढलं. इतके टोचणारे शब्द माझ्याकडे तयार होते, छोटे, की मलाच माझी भीती वाटली. ह्यांनी पलंगावरून नुसता हात वर केला. मला थांबवायला की शाबास म्हणायला, देव जाणे. बोलायची ताकद नव्हती.

बसनं धाडली नाही. भाड्याची गाडी बोलावली, ड्रायव्हरला सगळं सांगून दुप्पट भाडं कबूल केलं, खिडक्या उघड्या ठेवायला लावल्या. त्यावरूनही ती बोलली, "एवढी घाई झालीय का मला घालवायची?" जाताना बाळाचा पापा घेऊ दिला नाही मला. मी पुढे झालेही नव्हते.

तिला यातलं काही सांगू नकोस. ती माझ्यावर रागावलेली आहे तोवर या दारात पाऊल ठेवणार नाही. राग निवळला की धावत येईल. आणि बाळाकडे डोळ्यांत तेल घालून बघ.

माझं म्हणशील तर बरी आहे. घसा जरा धरलाय, तो दोन दिवस ओरडल्यामुळे.

ताई

१६ नोव्हेंबर, सोमवार

ताई,

ती इथे आहे. मागची खोली दोघांना दिली, खिडक्या सताड उघड्या. मीही ऑफिसला जात नाही, बाईंना खरं ते सांगितलंय. शिपाई कागद दाराबाहेर ठेवतो, बेल वाजवतो आणि मी दार उघडायच्या आत जिना उतरलेला असतो. भिंगरीला सांगितलंय की मला हक्काची रजा मिळाली आहे आणि मोकळ्या हवेचं खूळ लागलंय. वर्तमानपत्र दारातच घडी घालून लपवते. दुरुस्तीची बातमी पहिल्या पानावर आहे.

बाळाच्या कपाळाला हात लावायला मला सतत निमित्त हवं असतं. कधी जावळ सारते, कधी टोपडं नीट करते. हात गार असला की ते गरम लागतं, आणि मग मी मोरीत जाऊन कठड्याला धरून उभी राहते. काल ते शिंकलं. भिंगरी म्हणाली, "शंभर वर्षं जग रे राजा," आणि मी हातातली वाटी सोडली. ती मला हसली. "मावशी, आजी तू व्हायला हवी होतीस, माझ्या आईपेक्षा."

ती तुझ्याबद्दल जे बोलते ते मी लिहीत नाही. तुला माहीतच आहे, तुझेच शब्द आहेत सगळे. पण आंघोळ घालताना तिला रडायला येतं आणि ती पाण्याचा आवाज मोठा करते. ताई, मला सांगू दे ना. माझ्या चुकीपायी तू तिच्या नजरेतून उतरलीस आणि मी मात्र इथे लाडकी मावशी बनून बसले आहे. हे मला सहन होत नाही.

आणि तुझ्या घशाचं काय? ओरडून घसा बसतो, धरत नाही. खरं लिही.

छोटी

२० नोव्हेंबर, शुक्रवार

छोटे,

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. ताप आहे. तू ओळखलंच होतंस.

हे आता भिंतीला धरून चालतात. काल पहिल्यांदा स्वयंपाकघरापर्यंत आले आणि मला काहीतरी पातळ करून पाजलं. मीठ विसरले होते. मी म्हटलं, "मीटर वाचण्यापलीकडे कशात लक्ष घातलंत का कधी?" तर डोळे पुसायला लागले. आता ह्यांना रागावायचीही चोरी.

समोरचे म्हातारे गेले. इस्त्रीवाला उठलाय, पण दुकान उघडत नाही. गल्लीत एवढी शांतता मी कधी ऐकली नाही. कुणाच्या घरात खोकला आला की सगळ्या खिडक्या गप्प होतात.

भीती वाटते, छोटे. तुझ्यापाशी बोलते, दुसऱ्या कुणापाशी नाही. श्वास घ्यायचा म्हटलं तर अर्ध्यावरच संपतो. मरणाची भीती म्हणशील तर आहेच, पण त्याहून मोठी म्हणजे माझ्या आधी बाळाचं काही कानावर येईल का ही. काकांची गाडी थांबल्याचा आवाज आला की वाटतं, पत्र फोडूच नये.

तिला सांगू नकोस. तुझ्या डोक्यावरचं ओझं हलकं व्हावं म्हणून तर मुळीच नको. ते तुझं तू वाहा अजून थोडे दिवस. माझ्याबद्दल तिला वाईट वाटतंय ते वाटू दे. वाईट वाटल्यानं ताप येत नाही.

ताई

२४ नोव्हेंबर, मंगळवार

छोटी,

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझ्या ताईला शनिवारी तापाच्या दवाखान्यात हलवलं. नळीनं हवा देतात. मला आजार होऊन गेलाय म्हणून जवळ बसू देतात, बाकी कुणालाच नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईची मुलगी काचेबाहेर उभी असते.

तुझी ताई बोलत नाही. डोळे बहुधा मिटलेलेच असतात. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असावं, बोलत राहा. मी काय बोलणार? घरचं सगळं सांगून झालं, गल्लीचं झालं. मग तुझी जुनी पत्रं नेली आणि वाचून दाखवायला लागलो. भिंगरीचं नाव आलं की तिची बोटं हलतात. मला तसं वाटतं. डॉक्टर नुसती नळी तपासतात.

डॉक्टरांनी कसलंच आश्वासन दिलेलं नाही.

भिंगरीला सांगायचं की नाही हे ती शुद्धीवर असताना ठरवायची. आता तू ठरव. मला ठरवता येत नाही. त्या दिवशी मी हात वर केला होता तो तिला थांबवायलाच केला होता, आणि ती थांबली नाही तेच बरं झालं.

भावोजी

२६ नोव्हेंबर, गुरुवार

भावोजी,

हे आधी ताईला सांगा. बाळाला ताप नाही. तुमच्या घरातून निघून जवळजवळ दोन आठवडे झाले. आमच्या बाई स्वतः घरी येऊन दोघांना तपासून गेल्या. छाती स्वच्छ आहे, रक्तातही काही नाही. भिंगरीही ठीक आहे. ताईच्या कानाशी तोंड नेऊन सांगा, आणि दोनदा सांगा.

बाई जिना उतरल्यावर मी भिंगरीसमोर ताईची सगळी पत्रं ठेवली, माझ्या नावाचं छापलेलं पानही ठेवलं, आणि खाली बसले. तिनं एकेक वाचलं. तेरा तारखेचं वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. तुमचं पत्र शेवटी वाचलं. माझ्याकडे बघितलंही नाही. उठली, बाळ माझ्या मांडीवर टाकलं, पायांत चपला घातल्या आणि दार उघडलं. मी बाळाला सावरत बसले. मला काही बोलण्याचा हक्क उरला नव्हता.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाठमोरी उभी राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. बाळ रडायला लागलं तरी वळली नाही. मग आत आली, दार लावलं आणि म्हणाली, "कागद दे."

माझ्याशी ती अजून एवढंच बोलली आहे. तिचं पत्र सोबत आहे. मी ते वाचलेलं नाही.

छोटी

बाबा,

हे आईला वाचून दाखवा. मोठ्यानं. तिनं डोळे उघडले नाहीत तरी थांबू नका.

आई,

मी निघाले होते. चपला घातल्या होत्या. पहिल्या पायरीवर मला कळलं की मी आत्ता आले तर तू जे केलंस ते फुकट जाईल. मला काचेबाहेरसुद्धा उभं राहायचं नाही. काचेबाहेर उभी राहिले तर मी आत येईन, माझा मला भरवसा नाही.

तू म्हणालीस ते सगळं खरं वाटलं मला. एकदाही शंका आली नाही की तू खोटं बोलते आहेस. याचंच आता सगळ्यात वाईट वाटतं. तुझ्या पोटची मुलगी आहे आणि मला ओळखता आलं नाही.

बाळ चांगलं आहे. आज सकाळी पालथं पडलं आणि हात अंगाखाली अडकला म्हणून कुणावर तरी चिडून ओरडत होतं. सगळे म्हणतात तुझ्यावर गेलंय.

आई, तुला वाटलं की मी फक्त रागावलेलीच लांब राहीन. आता राग नाही. एवढासुद्धा नाही. मी घाबरले आहे, खूप घाबरले आहे, आणि तरी आले नाही. तू सांगितलंस म्हणून आले नाही. ऐकलंस ना?

बाबा, तिची बोटं हलली का ते लगेच कळवा. आणि हलली नाहीत तर परत पहिल्यापासून वाचा.

भिंगरी